फेमटोसेल लावलाय, रेंज फुल दिसतेय, तरी कॉल तुटतोय? या चुका टाळा

घरात रेंज नाही म्हणून फेमटोसेल आणला, म्हणजे कंपनीचा छोटासा टॉवरच घरात आणून ठेवला, फोनवर रेंज फुल दिसायला लागली आणि तरी समोरचा "हॅलो... हॅलो... आवाज तुटतोय" करतोय. असं झालं की सगळे आधी डब्यालाच शिव्या घालतात. पण बऱ्याचदा डबा ठीक असतो. फोनवर दिसते ती रेंज फक्त फोन ते डबा एवढीच, तिथून पुढे तुमचा आवाज तुमच्याच ब्रॉडबँडवरून जातो आणि घोळ तिथे असतो.

आमच्याकडे आई रात्री मावशीला फोन लावायची आणि नऊ वाजले की तिचा आवाज तुकड्या-तुकड्यात जायला लागायचा. दोन आठवडे मी डबा या कपाटावरून त्या कपाटावर हलवत बसलो, मग लक्षात आलं की नेमका त्याच वेळी माझा लॅपटॉप फोटोंचा बॅकअप वर चढवत असतो. आपण लाईन घेताना डाउनलोड बघतो, पण कॉलला अपलोडही तेवढाच लागतो, आणि तो भरला की आवाजाची पॅकेट्स (म्हणजे नेटवरून जाणारे छोटे तुकडे) फोटोंच्या मागे रांगेत उभी राहतात. एका कॉलला सगळं ओझं धरूनही साधारण १०० केबीपीएसच्या आतच लागतं, त्यामुळे महागडा प्लॅन घेऊन उपयोग नाही, रांग सुधारा. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय) असेल तर फेमटोसेलला पहिला नंबर द्या, नाहीतर बॅकअपला स्पीड लिमिट लावा. मी बॅकअप पहाटेवर टाकला, त्या रात्रीपासून आईचा कॉल एकदम स्वच्छ.

राउटरची दुसरी भानगड म्हणजे फायरवॉल, नेटची ये-जा अडवणारा पहारेकरी. डबा कंपनीच्या नेटवर्कशी आयपीसेक टनल (कुलूपबंद खासगी वाट) बांधतो, त्यासाठी यूडीपीचे (डेटा पाठवायची एक पद्धत) ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे नंबर दिलेली दारं, बाहेर जायला मोकळे लागतात. ऑफिसच्या नेटवर्कवर हे बऱ्याचदा बंद असतात. मोडेमच्या मागे आणखी एक राउटर असेल तर डबा थेट मोडेमला लावून बघा. आणि डबा चालू होतो पण कॉल किंवा नेट मध्येच अडकतं असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, तपासा. साध्या इथरनेटवर १५०० बाइट, पीपीपीओई लाईनवर (जिथे राउटर युजरनेम-पासवर्डने नेट जोडतो) १४९२, त्यात टनलचं ओझं वाढतं, मग छोटी पॅकेट्स जातात आणि मोठी मध्येच गळतात.

आता जागा. बऱ्याच डब्यांना जीपीएस लागतं, एक म्हणजे परवानगी असलेल्या जागीच डबा आहे ना हे कंपनीला कळायला, आणि दुसरं घड्याळ जुळवायला. टीडीडी नेटवर्कवर (जिथे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं) तर वेळ १.५ मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागते. म्हणून लोक डबा खिडकीत ठेवतात, आणि अर्धी रेंज रस्त्यावर जाते! जीपीएसचा वेगळा अँटेना लावायची सोय असेल तर फक्त तो खिडकीत ठेवा, डबा घराच्या मध्यावर, उंचावर, लोखंडी कपाट आणि फ्रिजपासून लांब. पहिल्यांदा चालू करताना दर दहा मिनिटांनी प्लग काढू नका हो, प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तास-दोन तास हात लावू नका.

बाकी छोट्या गोष्टी. डबा ज्या कंपनीचा त्याच कंपनीची सिम चालणार. क्लोज्ड मोडमध्ये असेल तर पाहुण्यांचा नंबर यादीत घालावा लागतो. घरगुती डब्यावर एका वेळी साधारण ४ ते ८ जणच. कॉल चालू असताना घराबाहेर पडलात तर तो बाहेरच्या टॉवरवर जाऊ शकतो, पण बाहेरून आत येताना बऱ्याचदा डब्यावर येत नाही, त्यामुळे दारातून आत येताना कॉल कटला तर तो बिघाड समजू नका. जुना फक्त थ्रीजीवाला डबा कुणी स्वस्तात देत असेल तर तुमच्या कंपनीचं थ्रीजी अजून चालू आहे का ते आधी विचारा. यूपीएस लावणार असाल तर डबा, राउटर आणि मोडेम तिन्हींना लावा.

एवढं करूनही जमलं नाही तर कस्टमर केअरला फक्त "रेंज येत नाही" सांगू नका. कुठला दिवा कसा लुकलुकतोय, फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल किती डीबीएम दाखवतोय (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे ७० छान, उणे ११० म्हणजे फोन बहुतेक अजून लांबच्या टॉवरलाच चिकटलाय), आणि आवाज एका बाजूने जातो की दोन्ही बाजूंनी तुटतो, हे कागदावर लिहून मगच फोन लावा.