साउथवर्कमध्ये पूर्वजांचा शोध: दफननोंदी आणि जुने पब पाहायला निघण्यापूर्वीची तयारी

लंडन ब्रिज ओलांडून थेम्सच्या दक्षिण काठाला उतरले की साउथवर्क लागते. या भागात ज्यांच्या घराण्याची मुळे आहेत, मग ते घराणे स्वतःचे असो, सासरचे असो किंवा इंग्रज सुनेमुळे वा जावयामुळे नातवंडांच्या वाट्याला आलेले असो, त्यांनी शोधाला निघण्यापूर्वी दोन प्रकारच्या कागदांची तयारी एकत्रच करावी: दफनाच्या नोंदी आणि पबच्या परवान्यांचे कागद. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावे ओळीने सापडतात, तशी तयार वही इंग्लंडमध्ये कोणाकडेही नसते. तिथे ती आपली आपणच जुळवावी लागते. दफनाची नोंद माणूस कधी आणि कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत, पुरला गेला एवढे सांगते. त्याची ऊठबस कोणात होती, पैसा कुठून येत होता आणि त्याच्यामागे धंदा कोणी सांभाळला, हे बहुधा पबच्या कागदांतून उलगडते. कामगारांच्या अंत्यविधीसाठी वर्गणी जमवणारी मंडळे पबच्या वरच्या खोलीत भरत आणि संशयास्पद मृत्यूची चौकशीही अनेकदा पबमध्येच होई, त्यामुळे हे दोन विषय वरवर वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत.

तयारीला बसण्यापूर्वी जॉन हार्वर्डचे उदाहरण नीट समजून घ्यावे, कारण या शोधातले बहुतेक सगळे अडथळे त्याच्या एकट्याच्या घरात सापडतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले तो हा जॉन मूळचा कोण, हे अडीचशे वर्षे कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते. 1880च्या दशकात हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या अमेरिकन वंशावळी-संशोधकाने लंडनमधील जुनी मृत्युपत्रे चाळून ते शोधून काढले. साउथवर्कच्या सेंट सेव्हियर्स चर्चच्या नोंदवहीत 29 नोव्हेंबर 1607 रोजी रॉबर्ट नावाच्या खाटकाच्या जॉन या मुलाचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे, पण तिथे आडनाव ‘हार्वर्ड’ नसून ‘हार्व्ही’च्या वळणाचे लिहिले आहे. 1625च्या प्लेगमध्ये बाप आणि बरीचशी भावंडे गेली. आईने पुढे दोनदा लग्न केले, त्यामुळे 1635 साली तिचे मृत्युपत्र झाले ते ‘यारवुड’ या आडनावाने, आणि त्याच मृत्युपत्रात तिने साउथवर्कमधील ‘क्वीन्स हेड’ ही सराई जॉनच्या नावे केली. केवळ हार्वर्ड हे आडनाव धरून शोधणाऱ्याला ही बाई सापडलीच नसती. मुलांचा उल्लेख आणि सराईची मालकी यांमुळे तिची ओळख पटली.

म्हणून घरून निघताना प्रत्येक पूर्वजाचा एक स्वतंत्र कागद असावा आणि त्यावर आडनाव जितक्या प्रकारे लिहिले जाऊ शकेल तितकी रूपे आधीच उतरवून ठेवावीत. पाद्र्याने नाव कानाला आले तसे लिहिले, हे गृहीत धरूनच चालावे. विधवांच्या कागदावर पुढच्या लग्नाच्या आडनावासाठी जागा मोकळी ठेवावी. त्याखाली पॅरिश, गल्ली, धंदा आणि माहीत असल्यास पबचे नाव लिहावे. तारखांच्या बाबतीत एक खबरदारी फार महत्त्वाची आहे: 1752पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, त्यामुळे नोंदवहीतील फेब्रुवारी 1624 हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1625 असतो. अशा तारखा 1624/25 अशा जोडवर्षाने लिहिण्याची सवय लावून घेतली, तर बाप मेल्यावर दोन वर्षांनी मूल झाल्याचे चमत्कार वंशावळीत होत नाहीत.

जनगणनेचे कागद घरबसल्या मिळतात आणि ते आधी पाहून घ्यावेत. व्यक्तिवार माहिती 1841पासून दर दहा वर्षांनी मिळते. मात्र 1841 साली मोठ्या माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत, तेव्हा त्या वयावरून जन्मवर्ष ठरवू नये. मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली. त्या पुढच्या काळासाठी मृत्यूचा दाखला आधी मागवावा आणि मगच दफनाकडे वळावे. त्याच्या मागच्या काळात चर्चच्या वहीवाचून गत्यंतर नाही.

चर्चच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम 1538चा आहे, पण सर्व वर्षांच्या वह्या सारख्याच बोलक्या असतील अशी अपेक्षा ठेवू नये. 1653 ते 1660 या राजाविना गेलेल्या काळात अनेक पॅरिशच्या नोंदी तुटक आहेत. 1 जानेवारी 1813पासून छापील नमुन्याची वही आली आणि तेव्हापासून नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही हे पाच रकाने ठरून गेले. त्याआधी सारा भरवसा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होता. सेंट सेव्हियर्स या बाबतीत सुदैवी आहे, कारण तिथे जुन्या काळीही माणसाचा धंदा लिहीत असत, आणि नोंदवहीखेरीज दफनाच्या शुल्काचा हिशेबही वेगळा ठेवलेला आहे. शेक्सपिअरचा धाकटा भाऊ एडमंड 1607च्या डिसेंबरअखेर तिथे पुरला गेला. नोंदवहीत तो नट असल्याचा आणि चर्चच्या आत पुरल्याचा उल्लेख आहे. शुल्काच्या हिशेबात मात्र सकाळच्या वेळी मोठी घंटा वाजवल्याचे आणि त्यासाठी 20 शिलिंग घेतल्याचे लिहिले आहे. तेवढी रक्कम कोणीतरी मोजली, याचा अर्थ त्या घरात किंवा मित्रमंडळीत पैसा होता. म्हणून आपल्या यादीत ‘दफननोंद’ या शब्दापुढे थांबू नये. त्याच पॅरिशचा शुल्काचा हिशेब, चर्चच्या कारभाऱ्यांचे जमाखर्च आणि गरिबांच्या मदतीचे कागद उपलब्ध आहेत का, हेही पुरालेखागाराच्या सूचीत आधी पाहून ठेवावे. सेंट सेव्हियर्स 1905 साली साउथवर्क कॅथीड्रल झाले, त्यामुळे सूचीत दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सगळेच चित्र बदलते. 1852च्या कायद्यानंतर लंडनच्या आतील गच्च भरलेल्या दफनभूमी एकामागून एक बंद झाल्या. साउथवर्कमधील ‘क्रॉस बोन्स’ ही गोरगरिबांची दफनभूमी 1853 साली बंद करण्यात आली, आणि 1854 साली शेजारच्या सरे काउंटीत (जिल्ह्यात) ब्रुकवुडची विस्तीर्ण दफनभूमी उघडल्यावर लंडनहून खास आगगाडीने मृतदेह तिकडे जाऊ लागले. सेंट सेव्हियर्स पॅरिशने आपल्या गरिबांच्या दफनासाठी ब्रुकवुडशी सुरुवातीलाच करार केला होता. 1853नंतर मेलेला पूर्वज पॅरिशच्या वहीत दिसला नाही, तर तो गाव सोडून गेला असा निष्कर्ष घाईने काढू नये. तो बहुधा शहराबाहेरच्या एखाद्या नव्या दफनभूमीत पुरलेला असतो. नव्या दफनभूमींच्या वह्यांत विभाग आणि कबरीचा क्रमांक मिळतो. तिथे खाजगी कबर आणि सामाईक कबर हा भेद विचारून घ्यावा, कारण सामाईक कबरीवर सहसा दगड नसतो. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथांतल्या कुटुंबांच्या 1837पूर्वीच्या पुष्कळशा वह्या क्यू येथील राष्ट्रीय पुरालेखागारात आहेत.

आता पबकडे यावे. इथे साउथवर्कची एक खास मेख आहे: 1889 साली लंडन काउंटी निर्माण होईपर्यंत हा भाग सरे काउंटीत मोडत होता, त्यामुळे जुन्या परवान्यांचे कागद लंडनमध्ये मिळाले नाहीत तर वोकिंग येथील सरे हिस्टरी सेंटरची सूची पाहावी. पबला दंडाधिकाऱ्यांचा परवाना लागण्याची पद्धत 1552पासूनची आहे आणि 1753 ते 1828 या काळातील जामीनपत्रांच्या नोंदवह्या त्यातल्या त्यात सलग मिळतात. त्यांत पबचालकाबरोबर जामीन राहणाऱ्याचेही नाव असते; हा जामीन बरेचदा शेजारचा पबवाला किंवा नातेवाईक निघतो, म्हणून ते नाव उतरवून घेतल्याशिवाय पान उलटू नये. 1830च्या कायद्याने मात्र घोटाळा करून ठेवला. कर भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून घरात बिअर विकता येऊ लागली आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागेनाशी झाली. 1869 साली पुन्हा लगाम आला, पण मधल्या चार दशकांत अशी छोटी बिअरघरे परवान्यांच्या वह्यांत दिसतच नाहीत. व्यापारी निर्देशिकांत त्यांचे चालक ‘बिअर विक्रेता’ म्हणून नुसत्या नावाने येतात, दुकानाचे नाव नसते. पूर्वज असा निघाला तर पबचे नाव शोधण्यात आठवडे घालवू नयेत. गल्ली आणि घरक्रमांक धरून चालावे.

त्यासाठी जुना नकाशा हाताशी हवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशाखात्याचे लंडनचे मोठ्या मापाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात आणि त्यांत प्रत्येक पबच्या इमारतीवर ‘पी. एच.’ (पब्लिक हाउस) ही अक्षरे छापलेली असतात. लंडनमधील गल्ल्यांची नावे आणि घरांचे क्रमांक अनेकदा बदलले आहेत, तेव्हा निर्देशिकेतील क्रमांक आजच्या दारावर शोधू नये; आधी तो जुन्या नकाशावर बसवावा आणि मग आजचा नकाशा त्यावर ठेवून पाहावा. पबच्या पाटीवर रंगवलेले स्थापनेचे वर्ष पुरावा म्हणून मुळीच धरू नये. त्या पाट्या गिऱ्हाइकांसाठी असतात.

पबचालक मेल्यावर परवाना बहुधा विधवेच्या नावे होतो आणि या बदलाची तारीख मृत्यूच्या तारखेच्या जवळपास असते, हा दोन्ही कागदांना जोडणारा सर्वात उपयोगी धागा आहे. दुसरा धागा कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीचा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणारा म्हणून कोरोनरचे नाव असेल, तर त्या आठवड्याची स्थानिक वर्तमानपत्रे चाळावीत. चौकशी कोणत्या पबमध्ये बसली, कोणी साक्ष दिली आणि मृत माणूस आदल्या रात्री कुठे होता, हे बातमीत सविस्तर येते, आणि गरीब माणसाच्या आयुष्याबद्दल इतका मजकूर दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळत नाही. सोयीची दुसरी जागा असल्यास पबमध्ये चौकशी घेऊ नये अशी तरतूद 1902च्या कायद्यात आली, म्हणजे त्याआधीच्या काळासाठी हा मार्ग विशेष फलदायी आहे.

पूर्वज सैनिक म्हणून किंवा नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आला असेल आणि साउथवर्कमध्ये त्याचे दफन कुठेच मिळत नसेल, तर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या कागदांत मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींची मालिका पाहावी. मराठी वाचकाला पुणे, खडकी, देवळाली ही नावे वाकड्यातिकड्या इंग्रजी स्पेलिंगमधूनही चटकन ओळखू येतात, हा त्याचा मोठा फायदा आहे.

प्रत्यक्ष जाताना लंडन आर्काइव्हज या लंडनच्या पुरालेखागारात मूळ कागद हाताळण्यासाठी हिस्टरी कार्ड लागते, तेव्हा नाव आणि पत्ता सिद्ध करणारी ओळखपत्रे बरोबर असावीत. क्यूला वेगळे वाचकपत्र लागते. वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, म्हणून शिसपेन्सिली घ्याव्यात. वाचनकक्ष कोणत्या वारी उघडा आहे आणि कागद किती आधी मागवावे लागतात, हे निघण्यापूर्वीच तपासावे. कबरीपाशी तारेचा ब्रश किंवा रसायन नेऊ नये. तिरप्या उन्हात काढलेला फोटो घासलेल्या दगडापेक्षा चांगला वाचता येतो. बरो हाय स्ट्रीटवरील ‘द जॉर्ज’ ही 1676च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली आणि आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीची सराई अवश्य पाहावी, कारण बाहेरच्या बाजूने लाकडी सज्जे असलेली लंडनमधील ती एकमेव उरलेली सराई आहे, आणि ‘क्वीन्स हेड’ कशी दिसत असेल याचा अंदाज तिथे येतो. पबमध्ये माहिती विचारायची तर दुपारच्या निवांत वेळी जावे; रविवारच्या जेवणाच्या गर्दीत कोणी बोलत नाही. दारू न पिणाऱ्याने संकोच करू नये, लिंबू-सोडा मागितला तरी चालतो, पण काहीच न मागवता प्रश्न विचारत उभे राहणे बरे दिसत नाही. कागद पाहण्याचे दिवस आधी आणि पब व दफनभूमीचे दिवस नंतर असा क्रम लावावा, आणि शेवटचा अर्धा दिवस पुन्हा वाचनकक्षासाठी मोकळा ठेवावा, कारण पबच्या भिंतीवरचा एखादा जुना फोटो किंवा कबरीवरचे अनोळखी नाव पाहिल्यावर आणखी एखादी वही मागवावीच लागते.