शून्य ओळी आल्या? जिओपांडाजला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

सोलापुरातली बरीच पोरं हल्ली पायथन शिकून, त्यातली जिओपांडाज ही लायब्ररी घेऊन नकाशांच्या कामाला लागलीत. आनंद आहे. पण आठवड्यातून एकदा तरी मेसेज ठरलेला: "सर, विदिन चालत नाही." विदिन म्हणजे एक आकार दुसऱ्याच्या आत आहे का, हे तपासणारी अट. चालतं हो. तुम्ही जे विचारलंत त्याचंच उत्तर ते देतं, तिथंच सगळी गंमत आहे.

संक्रांतीच्या तोंडावर एकानं हौसेनं अडुसष्ट लिंगांचा नकाशा करायला घेतला. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली, यात्रेत नंदीध्वज ज्यांच्या प्रदक्षिणेला जातात ती ६८ लिंगं. त्यातली शहर हद्दीत किती, एवढंच काढायचं होतं. फोनवरून एकेक ठिकाण टिपलं, हद्दीचा पॉलिगॉन (बंद आकार) मिळवला, जागेवरून दोन टेबलं जोडणारं 'एसजॉइन' 'विदिन'च्या अटीवर लावलं. शून्य ओळी. मग गड्यानं 'विदिन' काढून 'इंटरसेक्ट्स' (कुठंही भिडलं तरी चालेल) घातलं. शून्य. 'कंटेन्स' ('विदिन'च्या उलट) घातलं, दोन्ही टेबलांची अदलाबदल केली, लायब्ररी काढून परत टाकली. रात्री साडेअकराला मला फोन.

"नकाशा काढून बघितलास का बे?"

नव्हता बघितला. काढला तर एकही लिंग सोलापुरात नाही, सगळी स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला थंडगार समुद्रात! ऐन संक्रांतीत तिथं सूर्यसुद्धा उगवत नाही. झालं होतं एवढंच, की फोन आधी अक्षांश दाखवतो आणि मग रेखांश: १७.६६, ७५.९१. आकड्यांचे बिंदू बनवणाऱ्या 'पॉइंट्स_फ्रॉम_एक्सवाय'ला मात्र आधी एक्स लागतो, म्हणजे रेखांश. दोन शब्दांची जागा बदलली आणि काम झालं. चार तास कुठं गेले? प्रेडिकेट, म्हणजे 'विदिन'-'इंटरसेक्ट्स'सारख्या अटी, बदलण्यात.

माझी सवय सांगतो. फिल्टरला हात लावण्याआधी दोन्ही टेबलांचं 'सीआरएस' (आकडे कुठल्या मापपद्धतीत आहेत ते) आणि 'टोटल_बाउंड्स' (डेटाच्या चारी टोकांचे आकडे) छापून बघायचं. ७५-७६ आणि १७-१८ दिसलं तर माप अंशांत आहे. एक्स सहा लाखांच्या आसपास आणि वाय साडेएकोणीस लाखांच्या आसपास असेल तर आपल्या भागाची यूटीएम ४३ उत्तर ही पद्धत, म्हणजे ईपीएसजी यादीतला ३२६४३ क्रमांक, मीटरमध्ये. हे आकडे मला आता घरच्या पत्त्यासारखे पाठ आहेत.

दोन्हीकडचं सीआरएस वेगळं असलं तर जिओपांडाज वॉर्निंग देतं. पण आमचे वीर पहिल्याच ओळीत सगळ्या वॉर्निंग बंद करून बसलेले असतात, कारण कुठल्या तरी व्हिडिओत तसं होतं. त्याहून वाईट म्हणजे 'सेट_सीआरएस' वापरून 'अलाउ_ओव्हरराइड' ट्रू करणं. अरे, आकडे बदलतं ते 'टू_सीआरएस'. 'सेट_सीआरएस' नुसती पाटी लावतं. शेंगाचटणीच्या डब्यावर 'साखर' लिहून चहा गोड होतो का?

शून्य ओळी आल्या तर निदान शंका तरी येते. माझा खरा राग दुसऱ्या चुकीवर आहे, कारण तिथं उत्तर येतं आणि ते चुकीचं असतं. बिंदूंच्या टेबलावर थेट 'विदिन' लावून कंसात वॉर्डांचं आख्खं टेबल द्यायचं. वाटतं की प्रत्येक बिंदू प्रत्येक वॉर्डाशी ताडून पाहिला जाईल. तसं होत नाही. इंडेक्स, म्हणजे ओळींचे क्रमांक, जुळवून पहिला बिंदू पहिल्या वॉर्डाशी, दुसरा दुसऱ्याशी, अशा जोड्या लागतात. ज्याला जोडी नाही त्याला फॉल्स. योगायोगानं चार-दोन ट्रू निघतात आणि माणूस खूश होऊन ते रिपोर्टात टाकतो. मीही सुरुवातीला एका कामात असे आकडे पाठवले होते. समोरच्यानं विचारलं, "सात रस्त्याजवळ आमचं एकपण गिऱ्हाईक नाही?" त्यानंतर कान धरला. कंसात एकच आकार असेल तर 'विदिन', टेबल असेल तर 'एसजॉइन'.

हद्दीवरचे बिंदू: नेमका दोन वॉर्डांच्या सामायिक रेषेवरचा बिंदू 'विदिन'मध्ये कुणाचाच नसतो, 'इंटरसेक्ट्स'मध्ये दोघांचाही असतो. 'एसजॉइन' मुळात 'इंटरसेक्ट्स' धरूनच चालतं. म्हणून जोडणीनंतर ओळी वाढल्या का ते मोजा, मग बेरीज करा.

आकाराभोवती पट्टा आखणाऱ्या 'बफर'मध्ये ५०० लिहिलं आणि सीआरएस ४३२६, म्हणजे अंशांतलं, असेल तर ते ५०० अंश झाले. आपल्याकडे एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०६ किलोमीटर. बाकी हिशेब तुम्हीच करा.

'टचेस'वर (फक्त कडा चिकटल्यात का, ही अट) विसंबू नका. हातानं काढलेल्या शेजारच्या हद्दी क्वचितच तंतोतंत चिकटतात.

रेषा स्वतःलाच छेदत असेल तर पॉलिगॉन अवैध होतो आणि फिल्टर मध्येच एरर देऊ शकतं. त्यावर 'बफर शून्य'चा, म्हणजे शून्य रुंदीचा बफर लावायचा, तोडगा सगळे सांगतात. मला तो आवडत नाही. आठच्या आकड्यासारख्या पॉलिगॉनचा एक भाग त्यात गुपचूप गायब होऊ शकतो. मी आकार दुरुस्त करणारं 'मेक_व्हॅलिड' वापरतो, आणि आधीचं-नंतरचं क्षेत्रफळ शेजारी शेजारी छापतो.

आणि जुन्या व्हिडिओतून 'एसजॉइन'मध्ये अट देण्याचं 'ओपी' कॉपी करून "एरर आला" म्हणू नका. त्याचं नाव केव्हाच 'प्रेडिकेट' झालंय.