सरकारने वाचवलेल्या मोटार कंपनीचा हिशेब कसा तपासावा

सरकारी पैसा कर्जाऊ दिला की भागभांडवलात घातला, हे आधी पाहावे. कर्जाची रक्कम ठरलेली असते, शेअरची किंमत मात्र बाजार ठरवतो. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अमेरिकी सरकारने गुंतवलेल्या सुमारे ५० अब्ज डॉलरांपैकी बहुतेक रकमेच्या बदल्यात त्याला नव्या कंपनीची सुमारे ६१ टक्के मालकी मिळाली. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने कर्ज फेडल्याची जाहिरात केली. ते पैसे सरकारनेच दिलेल्या राखीव खात्यातले होते, म्हणून जाहिरातीवर विसंबू नये. खरा आकडा सरकारने आपले शेवटचे शेअर विकल्यानंतरच कळतो: डिसेंबर २०१३ मध्ये सुमारे १० अब्जांची तूट उरली. तिच्यासमोर वाचलेल्या नोकऱ्या मांडाव्यात, आणि जुन्या रोखेधारकांच्या (कंपनीचे रोखे घेऊन तिला कर्ज दिलेल्यांच्या) वाट्याला जेमतेम १० टक्के शेअर आले, हेही विसरू नये.