गल्लीतला कचरा, पालिकेचं अंदाजपत्रक आणि गणपतीचा मांडव: आपण हिशेब कसा ठेवायचा

विसर्जनानंतर चार दिवसांनी आमच्या गल्लीतल्या काकूंचा पाय मांडवाच्या खड्ड्यात गेला. खड्डा आमच्याच मंडळाचा. वासा उपटला, भोकात वाळू-माती लोटली, वरून चपलेने दाबली आणि आम्ही घरी गेलो होतो. रात्री पाऊस पडला, माती खचली. काकू दीड महिना घोटा बांधून बसल्या. मांडवाच्या परवानगीत रस्ता पूर्ववत करून देण्याची अट होती, खाली आमच्या अध्यक्षांची सही होती. ती अट पाळली गेली का, हे बघायला पालिकेचं कोणी आलं नाही आणि आम्हीही स्वतःहून बघितलं नाही.

त्या वर्षापासून मी गल्लीचा हिशेब ठेवतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. उत्सवातल्या स्वच्छतेची तक्रार भाद्रपदात करून फार काही हाती लागत नाही, कारण माणसं, गाड्या, विसर्जनाचे हौद, फिरती शौचालयं यांचे पैसे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असतात. म्हणून सुरुवात मांडवापासून न करता रोजच्या घंटागाडीपासून करा.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

अख्ख्या प्रभागाच्या मागे लागू नका. एक गल्ली घ्या आणि एक साधी वही घाला. घंटागाडी किती वाजता आली, ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला की एकाच डब्यात लोटला, झाडलोट झाली का, गटाराचा काढलेला गाळ किती दिवस कडेला पडून होता, एवढंच तारीख-वेळेसह लिहा. फोटो काढताना मागे दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे जागा कुठली यावर वाद राहत नाही.

मग जवळच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते त्या पालिकेच्या ठाण्यावर, जा. तिथे मुकादम भेटतात. दमात घेऊ नका, शांतपणे विचारा: "दादा, आमच्या गल्लीला किती जण नेमलेत?" पुष्कळदा उत्तर येतं की नेमणूक सहा जणांची आहे, हजर तिघं. झाडणाऱ्या मावशींवर ओरडून रस्ता झाडला जाणार नाही, रिकाम्या तीन जागा भरायला हव्यात. त्या भरण्याचा अधिकार क्षेत्रीय कार्यालयात आणि त्याच्याही वर असतो. काम ठेकेदारामार्फत असेल तर ठेक्यात किती माणसं कबूल केली आहेत, हे लिहून घ्या.

अंदाजपत्रक उघडा, पण सगळं वाचू नका

महापालिकेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात फेरबदल करते आणि शेवटी मुख्य सभा मंजुरी देते. हे साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालतं. पुस्तक पालिकेच्या संकेतस्थळावर मिळतं. जाडजूड असतं, त्याला घाबरू नका.

घनकचरा व्यवस्थापन हे खातं शोधा. प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीसमोर, रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात, कारण वर्तमानपत्रात तोच छापून येतो. तुम्ही पहिला घ्या आणि त्याच वर्षाची तरतूद जुन्या पुस्तकातून काढून शेजारी ठेवा. समजा, फिरत्या शौचालयांसाठी 40 लाख धरले आणि प्रत्यक्षात 11 लाखच खर्ची पडले, तर उरलेले कुठे गेले, हा तुमचा पहिला प्रश्न.

उत्तर बऱ्याचदा एका शब्दात सापडतं: वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेले पैसे ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. ते बेकायदा नाही, कधीकधी गरजेचंही असतं. पण कचऱ्याचे पैसे कमानीकडे किंवा नामफलकांकडे वळले, हे वर्गीकरणाच्या ठरावातच दिसतं, अंदाजपत्रकाच्या पुस्तकात नाही. म्हणून सभेची विषयपत्रिका आली की त्यात हा शब्द शोधायची सवय लावून घ्या.

काही ठिकाणी नागरिकांना कामं सुचवताही येतात. पुणे महापालिकेत अशा सहभागी अंदाजपत्रकाला सुरुवात होऊन आता बरीच वर्षं झाली. सूचना लहान कामांच्या असाव्या लागतात. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर विसर्जन हौदाजवळचा दिवा, निर्माल्य टाकायची पक्की जागा, अशी मोजता येणारी कामं सुचवा. "परिसर स्वच्छ ठेवावा" असं लिहून पाठवलं तर त्याला लेखाशीर्ष मिळत नाही.

कागद मागा

माहिती अधिकाराचा अर्ज अवघड नाही. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवायचा. उत्तराची मुदत 30 दिवस. "का" असं विचारू नका, कारण अधिकाऱ्याने दफ्तरी असलेली माहिती द्यायची असते, खुलासा नव्हे. मी असं लिहितो:

"मागील गणेशोत्सव काळात प्रभाग क्र. … मध्ये फिरती शौचालये पुरवण्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित नोंदी आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती मिळाव्यात."

मोजमाप पुस्तक, म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम मोजून लिहिलेली वही (कार्यालयात तिला एमबी म्हणतात), मागायला विसरू नका. कार्यादेशात दहा शौचालयं, देयक दहाचं आणि तुमच्या फोटोंत चारच, हे त्यातून उघडं पडतं. प्रती खूप होणार असतील तर अभिलेख तपासणीची मागणी करा. समोर बसून फायली बघता येतात आणि हवी तेवढीच पानं घेता येतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

आणखी एक कागद फारसं कोणी मागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल सभेपुढे ठेवायचा असतो. नदी, हवा, कचरा, आवाज हे सगळं त्यात येतं. तो गणपतीच्या तोंडावरच हाती पडतो. आधीच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे सापडले, तर तेही नगरसेवकांना दाखवा.

नगरसेवकांकडे एकच प्रश्न घेऊन जा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच महापालिकांत 2022 पासून प्रशासकांचा कारभार होता. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि लोकप्रतिनिधी परत आले. याचा उपयोग करून घ्या. पालिकेची मुख्य सभा साधारणपणे खुली असते, प्रेक्षक गॅलरीत बसता येतं.

ताईंना किंवा साहेबांना भेटताना दहा तक्रारींची यादी नेऊ नका. एका पानावर एक प्रश्न, सोबत वहीतल्या तारखा आणि अंदाजपत्रकाचं पान. त्यांना सभेत तो तसाच वाचता आला पाहिजे. तुमच्या गावी नगरपरिषद असेल तर आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. बाकी रीत हीच.

आता मांडव

मी हे विरोधक म्हणून लिहीत नाही. माझं लहानपण मांडवात गेलं आणि आरतीच्या वेळी गल्ली एकत्र येते तेव्हा आजही गळा दाटून येतो. म्हणूनच परवानगीच्या अटी मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

परवानगीची प्रत मांडवाच्या दर्शनी भागात लावलेली आहे का ते बघा. त्यात लांबी-रुंदी दिलेली असते. टेप घ्या, रात्री रहदारी कमी झाली की दोघांनी मोजा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब जाईल एवढा रस्ता मोकळा हवा. रस्ता अडवणाऱ्या मांडवांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्येच कडक भूमिका घेतली आहे. ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद, हा नियम 2000 सालापासूनचा. सरकारने सूट दिलेल्या ठरावीक दिवशीच ध्वनिक्षेपक रात्री 12 पर्यंत चालतो. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात.

कचऱ्याबद्दलची अट कमी लोकांना माहीत असते. परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त माणसं जमणार असतील, तर आयोजकांनी किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगवेगळा करून द्यायचा, असं 2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. महाप्रसाद डोळ्यांसमोर आणा: द्रोण, पत्रावळी, पाण्याचे पेले, उरलेला भात. आम्ही आता वाढपाच्या टेबलाशेजारी तीन पिंपं ठेवतो आणि तिथे दोन मुलांना उभं करतो. नुसती पाटी लावली होती त्या वर्षी सगळं एकाच पिंपात गेलं होतं. मुलं उभी राहिली आणि फरक पडला.

हौदांवरही लक्ष ठेवा. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित कराव्यात, असं उच्च न्यायालयाने 2025 च्या उत्सवासाठी बजावलं होतं. साहजिकच हौद ही आता पालिकेच्या खर्चाची मोठी बाब आहे. किती हौद मांडले, पाणी कधी बदललं, मूर्तींचा गाळ कुठे नेला, या तिन्हींच्या नोंदी मागता येतात.

विसर्जनानंतरचे आठ दिवस

मांडव उतरताना तिथे थांबा आणि खड्डे मोजा. आमचे गेल्या वर्षी बावीस भरले. माती न टाकता खडी आणि सिमेंट घालून घेतलं, प्रत्येकाचा आधी-नंतरचा फोटो काढला आणि ते फोटो मंडळाच्या पत्रासोबत क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घेतली. मांडवासाठी भरलेली अनामत परत मागताना तीच पोच दाखवली. त्याच आठवड्यात वहीतला उत्सवाचा हिशेबही एका पानात उतरवा: शौचालयं किती आली, निर्माल्य कलश कधी रिकामे झाले, रस्ता कितव्या दिवशी धुतला. जानेवारीच्या आधीच पुढच्या अंदाजपत्रकासाठी खात्यांकडून आकडे मागवायला सुरुवात होते. तेव्हा हे पान घनकचरा विभागाकडे आणि नगरसेवकांकडे एकाच दिवशी द्या. दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या.