आईंचा अँटिबायोटिकचा कोर्स संपला, तरी माझी राखण संपत नाही

आमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर लघवीच्या इन्फेक्शनसाठी त्यांना अँटिबायोटिक दिलं होतं. गोळ्या संपून आठवडा झाला आणि गौरीच्या ओवशाच्या दिवशी जुलाब सुरू. मला वाटलं, जेवणातलं काही बाधलं. एका चाकरमान्याने पर्समधून जुलाब थांबवायची गोळी काढून दिली आणि मी ती शहाणीसारखी आईंना घातली! पुढे रत्नागिरीला शौचाची तपासणी झाली तेव्हा कळलं, सी. डिफिसाइल नावाच्या आतड्यातल्या जंतूचा संसर्ग.

अँटिबायोटिक आतड्यातले राखणदार जंतूही मारतं आणि मग हा जंतू माजतो, विष सोडतो. पासष्टीपुढे धोका जास्त.

म्हणून आता डॉक्टरांसमोर मी विचारतेच, "ह्याच्याशिवाय भागेल का? किती दिवस?" साध्या सर्दीपडशाला अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. लाल रेघेची स्ट्रिप मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणायची नाही, उरलेल्या गोळ्या शेजारी वाटायच्या नाहीत. मात्र चालू कोर्स आपल्या मनाने तोडायचा नाही. आई वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेत होत्या. तिनेही हा धोका वाढू शकतो. विचारल्यावर डॉक्टरांनी ती बंद केली.

सॅनिटायझरवर माझा फार भरवसा होता. पण ह्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचातलं त्याचं झोपलेलं रूप, त्याने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले की ते धुऊन जातात. आईंचं करून झाल्यावर आणि पेज वाढण्याआधी, दोन्ही वेळा. संडासाची कडी, नळ, कमोडची खुर्ची पुसायला फिनेल पुरत नाही. एक वाटी ब्लीच, नऊ वाट्या पाणी, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. त्यात अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. जुलाब थांबेपर्यंत आईंचा संडास वेगळा ठेवला. मागीलदारचा आम्ही वापरला.

ताक, सोलकढी आवडीने द्या, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले तर डॉक्टरांना कळवा आणि अँटिबायोटिक झालंय हे आधी सांगा. ताप, पोट फुगणं, रक्त दिसलं तर त्याच दिवशी गाडी काढा. थांबवायची गोळी विचारल्याशिवाय नको.

कोर्स संपल्यावरही तीन महिने हा त्रास उद्भवू शकतो. ते तीन महिने संपायची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवते. आई विचारतात, "कसली गो एकादशी ही?"