दोरीचा कमरपट्टा: पहिल्या गाठीआधीची तयारी

पट्ट्याच्या मध्यावर दोरी संपली की जोड लपत नाही, म्हणून सगळी काळजी कात्री लावण्याआधीच घ्यायची.

दोरी ३ मिलिमीटर जाडीची, सुती. सुतळी अंगाला टोचते, नायलॉनची गाठ निसटते. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम टिपणारं सूतच बरं. दुकानातच दोरीचं टोक उलगडून पाहा. पीळ सैल असेल तर गाठी फुगीर आणि केसाळ दिसतात. गडद रंगाची दोरी ओली करून पांढऱ्या फडक्यावर घासा, रंग सुटतो का ते कळतं. मग सगळी दोरी तासभर भिजवून सावलीत वाळवा, नाहीतर पट्टा पहिल्या धुण्यात आखडेल. खडखडीत वाळल्यावरच मोजा.

आता माप. कमर ८० सेंटीमीटर असेल तर पट्ट्याच्या टोकाच्या दोन धातूच्या कड्यांतून ओढायला २० धरून पट्टा १०० चा. चौकोनी गाठ म्हणजे चार पदरांची गाठ: मधले दोन ताठ, बाहेरचे दोन त्यांच्याभोवती बांधायचे. अशा गाठींच्या जाळीला प्रत्येक पदर लांबीच्या चौपट, म्हणजे ४ मीटर लागतो. दुमडून ८ पदर हवेत, म्हणून ८ मीटरचे ४ तुकडे: ३२ मीटर. नमुन्यासाठी धरून ३६ घ्या. तुमचा हात घट्ट की सैल यावर हिशेब हलतो. आधी १० सेंटीमीटरचा नमुना विणून किती दोरी खाल्ली ते मोजा.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा. जाळीत काठाचा पदर गाठ बांधतो, त्याच्या आतला पदर मात्र नुसता ताण्यासारखा ताठ राहतो आणि कमी खर्च होतो. म्हणून दोन्ही काठांचे तुकडे बरोबर मध्यावर दुमडू नका: बाहेरची बाजू साडेचार मीटर, आतली साडेतीन.

डी आकाराची दोन कडी घ्या, आतून ३ सेंटीमीटर रुंद. सांधा उघडा असेल तर घेऊ नका, दोरी तिथूनच निसटते. कडी एकावर एक ठेवून चारही तुकडे दोन्हींवर मिळून अडकवा. फळीवर चौपदरी घडी घातलेली जुनी चादर अंथरली की टाचण्या पक्क्या बसतात. प्रत्येक पदराची अंगठा-करंगळीवर आठच्या आकड्यात लडी करून रबर लावा, ४० सेंटीमीटर मोकळं सोडा. कापलेल्या टोकांना चिकटपट्टी हवीच.

चौकोनी गाठीचा पहिला अर्धा भाग डावीकडून, दुसरा उजवीकडून. एकाच बाजूने मारत गेलात की पट्टा पिळतो. ते दिसताच तिथवर उसवा, पुढे सरळ होत नाही. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेसाठी हवा असेल तर दोरी डिसेंबरच्या सुरुवातीलाच भिजवून ठेवा.