वेळापत्रकातून अभ्यास: रेल्वेत रमणाऱ्या स्वमग्न मुलासाठी घरची शाळा

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलानं शाळा सोडली की दुसऱ्याच दिवशी टेबल-खुर्ची मांडून बसू नका. वर्षानुवर्षं गोंगाट, चिडवाचिडवी आणि "नीट बस" ऐकून दमलेल्या १४-१५ वर्षांच्या मुलाला आधी विसावा लागतो. दोन-तीन महिने धरून चाला. या काळात तुम्ही फक्त एक वही ठेवायची. मूल कशात रमलं, किती वेळ, तंद्री कशानं मोडली आणि मोडल्यावर सावरायला किती वेळ लागला, एवढंच रोज चार ओळींत लिहा. पुढचा सगळा आराखडा या वहीतून निघतो.

खाली उदाहरण रेल्वेचं आहे. बसचे मार्ग, कीटक, क्रिकेटची आकडेवारी असं काही असेल तरी पद्धत हीच.

आवड म्हणजे आमिष नव्हे. "आधी दहा गणितं, मग गाड्यांचे व्हिडिओ" हा सौदा आठवडाभर चालतो आणि मग कोसळतो, कारण मुलाची विसाव्याची जागाच तुमच्या मुठीत गेलेली असते. दुसरी चूक अगदी उलटी, आणि ती हौशी पालक जास्त करतात: प्रत्येक गाडीत धडा शोधायचा. मूल व्हिडिओ बघत असताना "या गाडीचा वेग किती असेल, सांग बघू?" असं चार वेळा झालं की ते खोलीचं दार लावून घेतं. निम्मी आवड तशीच सोडा, तिला हातही लावू नका. उरलेल्या निम्म्यावर काम करा, तेही शक्यतो प्रश्न न विचारता. "ही इथे दोन मिनिटं थांबत असावी" असं शेजारी बसून नुसतं म्हणायचं. चुकीचं असेल तर दुरुस्ती लगेच मिळेल.

दिवसात ३० ते ४० मिनिटांच्या दोनच बैठका पुरतात. पहिली सकाळी दहाच्या आधी नको, या वयात झोप उशिरा लागते. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. बैठक थांबवण्याआधी "दहा मिनिटं राहिली" आणि मग "पाच मिनिटं राहिली" असं कागदावर लिहून समोर सरकवा. लागलेली तंद्री एकाएकी तोडणं म्हणजे धावत्या गाडीची साखळी ओढण्यासारखं आहे. पुढचा तासभर जातो.

पहिलं काम पट्टी-नकाशाचं, म्हणजे मुंबई-पुणे मार्गावरची स्टेशनं एका लांब पट्टीवर अंतराप्रमाणे मांडायची. त्यासाठी दुकानदार बिलाला वापरतात तो ५७ मिमी रुंदीचा कागदी रोल आणा. कागद जोडून केलेला नकाशा जोडावर मिलिमीटरभर सरकतो, आणि काही मुलं तेवढ्यावरून सगळं फाडून टाकतात. रोलला जोडच नाही. मात्र उन्हात ठेवू नका, तो उष्णतेनं काळा पडतो. १ सेंमी म्हणजे २ किमी धरा. मुंबई सीएसएमटी शून्यावर. कल्याण साधारण ५४ किमीवर, म्हणजे २७ सेंमीला, कर्जत १०० किमी, लोणावळा १२८, पुणे १९२. पूर्ण पट्टी ९६ सेंमी होते. मधली स्टेशनं मूल स्वतः भरतं. गुणोत्तर, दशांश आणि मापन यांचं नाव न घेताच सुरू झालेलं असतं.

मग आलेखाचा कागद. आडव्या अक्षावर वेळ, १ सेंमीला १० मिनिटं. उभ्यावर अंतर, १ सेंमीला ५ किमी. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ, थांबा म्हणजे आडवा तुकडा, जास्त चढी रेघ म्हणजे जास्त वेग. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचा हिशेब अशाच तक्त्यावर ठेवतात, हे मुलाला जरूर सांगा. खोटा अभ्यास आणि खरं काम यातला फरक त्याला लगेच कळतो. आता हे उदाहरण काढा: एक गाडी कल्याणहून ८:०० वाजता ताशी ४० किमीनं निघते, दुसरी ८:१५ ला ६० किमीनं. दोन्ही रेघा ८:४५ ला, कल्याणपासून ३० किमीवर, नेरळच्या जरा अलीकडे छेदतात. म्हणजे पहिलीला त्याआधीच बाजूला घ्यायला हवं. हे दोन चलांतलं एकसामयिक समीकरण आहे. बीजगणित नंतर लिहा, आधी रेघा. उलट क्रमानं केलं की "हे शाळेचं आहे" म्हणून पाठ फिरते.

इथे एक अडचण हमखास येते: ८:१५ मधून ७:४० वजा करताना मूल ७५ मिनिटं उत्तर काढतं, कारण तास शंभराचा धरला जातो. नियम पाठ करून घेऊ नका. ६० मिनिटांची पट्टी कापून द्या आणि ७:४० ते ८:०० वीस, मग पंधरा, असं पुढे मोजत जा.

भोर घाट, म्हणजे कर्जत ते लोणावळा हा चढाचा टप्पा, वेगळे दोन आठवडे मागतो. तिथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. फळीवर हाच उतार करा: १११ सेंमी आडव्या अंतरात ३ सेंमी उंची. डोळ्यांना तो सपाटच वाटतो, पण खेळण्यातला डबा घरंगळतो. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी धरून राहतं, म्हणून जड गाड्यांना कर्जतहून मागे जादा इंजिनं लावतात. घर्षण, बल आणि कोन इथे एकाच ठिकाणी भेटतात. इतिहासाला १६ एप्रिल १८५३ची बोरीबंदर ते ठाणे गाडी आहे. भूगोलाला ७४१ किमीची कोकण रेल्वे, तिचे बोगदे आणि पावसाळी वेळापत्रक.

स्टेशनवर जाणं घाईनं करू नका. आधी घरी घोषणांचा आवाज हळू लावून ऐका, मग पुलावरून दहा मिनिटं बघा, मग प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसा, शेवटी दोन स्टेशनांचा प्रवास. वेळ दुपारी बारा ते तीन. कान झाकणारे हेडफोन, पाणी आणि "आता घरी" लिहिलेलं कार्ड सोबत ठेवा. कार्ड दाखवलं की वाद न घालता परतायचं. एकदा जरी "पाच मिनिटं थांब" म्हणालात तरी त्या कार्डावरचा भरवसा जातो. पिवळ्या रेषेच्या मागे थांबायचं आणि रूळ कधीच ओलांडायचे नाहीत, हे दोन नियम लेखी हवेत. गाडी उशिरा आली की आकांत होतो, म्हणून वहीत तीन रकाने करा: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक. +७, −१ असे आकडे जमू लागले की उशीर हीच नोंद होते. ऋण संख्या आणि सरासरी त्यातूनच येतात.

दहावीसाठी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था सोयीची. वय १४ पूर्ण हवं, किमान पाच विषय, मराठी माध्यम आहे आणि गणित सक्तीचं नाही. मात्र पुढे तांत्रिक शिक्षण मनात असेल तर गणित सोडू नका. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणून पहिल्या खेपेला एकच विषय द्या. स्वमग्नता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून ठेवा, कारण लेखनिक (सांगितलेली उत्तरं परीक्षेत लिहून देणारा) आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ यांसाठीचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी करावा लागतो. आणि लेखनिकासोबत घरी निदान दहा-बारा वेळा सराव हवा. अनोळखी माणसाला उत्तर तोंडी सांगणं हा वेगळाच विषय आहे, त्याला वेळापत्रकात जागा द्या.